गुरामीची वीण: आधी पिल्लांचं खाणं, मग जोडी

गुरामी माशाला अंडी घालायला लावण्यात फारसं कसब नाही. पोटभर चांगलं खाणं, कोमट संथ पाणी आणि वर थोडा तरंगता पाला एवढं मिळालं की नर आपणहून कामाला लागतो. कस लागतो तो पुढच्या पंधरवड्यात. माझ्या पहिल्या विणीची पिल्लं शेकड्यांनी होती. काचेला नाक लावून मी ती मोजत बसायचो. आठव्या दिवशी टाकीत एकही उरलं नव्हतं. रोगबिग काही नव्हता, ती उपाशी मेली. त्यांच्या तोंडात मावेल असं काहीच मी तयार ठेवलं नव्हतं. ऐनवेळी उकडलेल्या अंड्याचा बलक चुरून टाकला, त्यानं पाणी तेवढं नासलं. म्हणून या लेखात जोडी बरीच उशिरा येईल. तुम्हीही ती उशिराच सोडा.

कोणता गुरामी घ्यावा

गुरामी हे एका माशाचं नाव नाही, एका गोतावळ्याचं आहे. त्यातले सगळे एकाच रीतीनं वीत नाहीत. आपण इथे बोलतोय ते बुडबुड्यांचं घरटं बांधणाऱ्यांबद्दल: तीन ठिपक्यांचा म्हणजे ब्लू गुरामी, पर्ल, ड्वार्फ आणि हनी.

चॉकलेट गुरामीत मादी अंडी तोंडात धरून उबवते आणि त्याला मऊ, आम्लधर्मी पाण्याचे नखरे फार, त्यामुळे नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. किसिंग गुरामी तर घरटं बांधतच नाही. तरंगणारी अंडी सोडून दोघंही मोकळे होतात, आणि मासा वाढतो फूटभर. (त्याचं ते ‘चुंबन’ बरेचदा दोन माशांची ताकद आजमावणं असतं, प्रेमाबिमाशी त्याचा संबंध कमीच.) जायंट गुरामी दोन फुटांच्या पुढे जातो, घरच्या टाकीत त्याच्या विणीचं नाव काढू नका.

पहिल्यांदा करणार असाल तर माझं मत ब्लू किंवा हनीला. ब्लू गुरामी दणकट आहे, पिल्लंही तुलनेनं सहज जगतात. पण तो बोटभर नाही, चांगला 12 ते 15 सेंटीमीटर होतो, नर तापट असतो आणि एका वेळी हजाराच्या घरात अंडी पडू शकतात. एवढ्या पिल्लांचं पुढे काय करणार, हे आधी ठरवा. नदी-तळ्यात सोडणं हा पर्याय धरू नका. हनी गुरामी 4-5 सेंटीमीटरचा, स्वभावानं निवांत, अंडीही कमी, शेकडा-दोनशेच्या आसपास. टाकी लहान असेल तर तोच घ्या.

ड्वार्फ दिसायला सगळ्यांत देखणा, पण त्याच्यात इरिडोव्हायरस नावाचा विषाणू मोठ्या प्रमाणावर सापडतो आणि त्यावर औषध नाही. ड्वार्फच घ्यायचा असेल तर चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून, तो खातोय-पितोय, अंगावर फोड नाहीत, रंग उडालेला नाही, हे बघूनच पुढे जा.

आणखी एक गोष्ट दुकानातल्या नावांबद्दल. ब्लू, गोल्ड आणि ओपलाइन हे तिन्ही एकाच तीन ठिपक्यांच्या गुरामीचे रंग आहेत. त्यामुळे गोल्ड नर आणि ब्लू मादी ही जोडी बिनधास्त जमते. फ्लेम रेड आणि पावडर ब्लू हे तसेच ड्वार्फचे रंग. पर्ल आणि ब्लू मात्र वेगळ्या जाती. त्यांची जोडी लावायला जाऊ नका.

नर कोण, मादी कोण

ब्लूमध्ये पाठीवरचा पर बघायचा. नराचा लांब आणि टोकदार, मागे शेपटीकडे झुकलेला. मादीचा आखूड आणि गोलसर. पर्लमध्येही तोच नियम, शिवाय वयात आलेल्या नराचा गळा आणि छाती तांबूस-नारिंगी होते. ड्वार्फ ओळखायला सगळ्यांत सोपा: नर निळ्या-लाल पट्ट्यांचा, मादी चंदेरी-राखाडी. हनीत गंमत आहे. एरवी दोघंही फिकट पिवळट दिसतात, मादीच्या कुशीवरून एक तपकिरी रेघ जाते. विणीच्या दिवसांत नर मधासारखा केशरी होतो आणि तोंडापासून पोटापर्यंत काळानिळा पडतो, इतका की दुसराच मासा वाटावा.

अर्धवट वाढलेले पाच-सहा मासे एकत्र घेऊन वाढवावेत आणि जोडी त्यांनाच ठरवू द्यावी, हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग.

जोडीच्या आधी बरण्या

अंड्यातून निघालेलं गुरामीचं पिल्लू दोन-तीन मिलिमीटरचं असतं, म्हणजे जेमतेम पापणीच्या केसाचा तुकडा. त्याचं तोंड इतकं बारीक की नुकतं जन्मलेलं आर्टेमियाचं (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवाचं) पिल्लूही त्यात मावत नाही. पहिला आठवडा, कधी दहा दिवस, त्याला लागतात पाण्यातले सूक्ष्मजीव. मत्स्यपालनात त्यांना सरसकट इन्फ्यूसोरिया म्हणतात. ते विकत आणून ऐनवेळी ओतता येत नाहीत. पिकवावे लागतात, आणि पिकायला आठवडा लागतो. वीण ठरवायच्या आठ-दहा दिवस आधी हे सुरू करा.

दोन-तीन स्वच्छ काचेच्या बरण्या घ्या. तुमच्याच जुन्या टाकीतलं पाणी भरा, स्पंज फिल्टर पिळल्यावर निघालेलं गढूळ पाणी थोडं घाला. त्यात केळ्याच्या सालीचा नखाएवढा तुकडा किंवा लेट्यूसचं गरम पाण्यातून काढलेलं पान टाका. जास्त टाकलंत तर नुसती घाण होईल. तोंडावर कापड बांधून उजेडात ठेवा, कडक उन्हात नको. दोन-तीन दिवसांत पाणी दुधासारखं गढूळ होईल आणि वास येईल. इथेच बरेच जण बरणी ओतून देतात. ओतू नका. हे जिवाणू आहेत, आणि आपले सूक्ष्मजीव त्यांच्यावरच वाढणार आहेत. आणखी तीन-चार दिवसांत पाणी पुन्हा निवळायला लागतं. तेव्हा रात्री बरणीच्या मागून टॉर्च धरा. धुळीच्या कणांसारखे ठिपके स्वतःच्या मर्जीनं हलताना दिसले की झालं.

सगळ्या बरण्या एकाच दिवशी लावू नका. दोन-दोन दिवसांच्या अंतरानं लावल्या की एक संपेपर्यंत दुसरी तयार होते. विणीच्या टाकीत जुनं जावा मॉस भरपूर असेल तर त्याच्या फांद्यांतही सूक्ष्मजीव असतातच. तो जोडधंदा समजा, त्यावर विसंबू नका.

विणीची टाकी

हनी किंवा ड्वार्फला 40 लिटरची टाकी पुरते. ब्लू आणि पर्लला 80 ते 100 लिटर द्या. टाकी मोठी असली तरी पाणी मात्र 15 ते 20 सेंटीमीटरच भरायचं. खाली घसरलेली अंडी-पिल्लं नराला उचलून आणावी लागतात, आणि पिल्लांनाही पृष्ठभाग जवळ हवा असतो. तळाला वाळू नको. उघड्या तळावर काय पडलंय ते दिसतं आणि साफ करता येतं.

तापमान 27-28 अंश, सामू (पीएच) 6.5 ते 7.5 च्या दरम्यान. पाण्याच्या आकड्यांमागे फार धावू नका. पाणी क्लोरीन काढलेलं आणि जोडीच्या नेहमीच्या पाण्याशी मिळतंजुळतं असलं की पुरे. फिल्टर फक्त स्पंजचा, तोही इतका मंद की पृष्ठभागावर लहर उठू नये. बुडबुड्यांचं घरटं वाहत्या पाण्यावर टिकत नाही. नर बांधतो, प्रवाह मोडतो, शेवटी नर नाद सोडून देतो. घरटं अर्धं झालं की मी एअरपंप इतका कमी करतो की बुडबुडे मोजता यावेत.

वर तरंगत्या वनस्पती: वॉटर स्प्राइट, रिकिया, साल्व्हिनिया, नाहीतर हॉर्नवर्टच्या सुट्या काड्या. अर्धा पृष्ठभाग झाका, अर्धा मोकळा ठेवा, कारण गुरामीला वर येऊन हवा घ्यावी लागते. मादीसाठी एका टोकाला दाट झुडूप किंवा उलटं ठेवलेलं कुंडीचं भांडं हवंच. ही सोय शोभेसाठी नाही. तापलेला ब्लू नर लपायला जागा नसलेल्या मादीला एका रात्रीत मारू शकतो.

आणि झाकण. घट्ट बसणारं, काचेचं असेल तर उत्तम. झाकणाखालची हवा दमट आणि पाण्याइतकीच उबदार राहिली तर घरटं लवकर सुकत नाही. पिल्लांच्या बाबतीत याच हवेचं महत्त्व पुढे येईल.

जोडीला खाऊ घालणं

बरण्या पिकत आहेत तोवर नर-मादी वेगळे ठेवा. दहा-पंधरा दिवस जिवंत किंवा गोठवलेलं खाणं द्या: डॅफ्निया, ब्लडवर्म, आर्टेमिया, डासांच्या अळ्या. दिवसातून दोन-तीनदा, थोडं थोडं. कोरड्या खाण्यावर मासे जगतात, पण मादीचं पोट अंड्यांनी भरायला हा बदल लागतो. वरून पाहिल्यावर मादी दोन्ही बाजूंनी फुगलेली दिसली की ती तयार आहे. फक्त खाल्ल्यानं फुगलेलं पोट रात्रभरात उतरतं, अंड्यांचं उतरत नाही. सकाळी खायला घालण्याआधी बघा, फरक कळेल.

हे मासे मूळचे उथळ, झाडोऱ्यानं भरलेल्या पाण्यातले. ड्वार्फ आणि हनी तर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातलेच, आणि त्यांची वीण पावसाळ्यात पाणी पसरायला लागलं की होते. म्हणूनच कधी कधी टाकीत किंचित थंड, ताजं पाणी हळूहळू घातलं आणि मग तापमान परत चढू दिलं की अडून बसलेली जोडी हलते.

आधी नर सोडायचा. एक-दोन दिवस त्याला टाकी आपली वाटू दे. मग मादी, शक्यतो संध्याकाळी.

घरटं

आता तुमचं काम बघण्याचं. नर पृष्ठभागावर येतो, हवेचा घोट घेतो आणि तोंडातल्या चिकट स्रावाचं आवरण चढवून बुडबुडा सोडतो. असे हजारो. ब्लू आणि पर्लचं घरटं पसरट, तळहाताएवढं. हनीचं बरेचदा विस्कटलेलं, एखाद्या पानाखाली कसंबसं जमवलेलं. ते पाहून नर आळशी आहे असं समजू नका. खरा गवंडी ड्वार्फ. तो पाल्याचे तुकडे तोडून आणतो आणि बुडबुड्यांत विणतो. ते घरटं इतकं घट्ट होतं की वीण झाल्यानंतरही बरेच दिवस टिकतं. म्हणून ड्वार्फला बारीक पानांची वनस्पती द्याच.

घरटं बांधणारा नर मादीला जवळ आली की हाकलतो. पर फुलवून, अंग आडवं करून तो तिच्यासमोर मिरवतो, मग धावून जातो. ती पळते. नवखा माणूस इथे घाबरून मादी काढून घेतो. थांबा, पण डोळे उघडे ठेवून. मादी लपते, थोड्या वेळानं पुन्हा घरट्याकडे डोकावते, पर शाबूत आहेत, असं असेल तर ही बोलणी चालू आहेत. ती कोपऱ्यात पाण्याच्या वरच्या थरात पडून राहिली, पर फाटले, खवले निघाले, तर लगेच बाहेर काढा आणि आठवडाभर खाऊ घालून पुन्हा बघा. बहुतेक वेळा अंडी पिकलेली नसतात, एवढंच.

वीण

होकार मादीकडून येतो. ती आपणहून घरट्याखाली जाते आणि नराच्या कुशीला किंवा पाठीला तोंडानं ढुसण्या देते. नर तिच्याभोवती अंग वाकवून तिला कवेत घेतो, दोघं उलटे-तिरके होतात, क्षणभर थरथरतात. त्याच वेळी अंडी आणि रेत बाहेर पडतं. मग काही क्षण दोघंही भान हरपल्यासारखे सुटे होतात.

या चार जातींच्या अंड्यांत तेल असतं, त्यामुळे ती आपसूक वर तरंगून घरट्यात जातात. भरकटलेली नर तोंडात गोळा करतो आणि घरट्यात थुंकतो. पुन्हा ढुसणी, पुन्हा मिठी. हे दोन-तीन तास चालतं, कधी जास्त. सुरुवातीच्या काही मिठ्या कोरड्याच जातात. तेव्हा ‘अंडी कुठे दिसत नाहीत’ म्हणून झाकण उघडून बघू नका. थंड हवा आत जाते आणि नर बिथरतो.

काम संपल्याची खूण स्पष्ट असते. नर मादीला आता कायमचं हाकलतो आणि घरट्याखालून हलत नाही. त्याच तासाभरात मादीला हळूच बाहेर काढा. जाळी घरट्यापासून दूर ठेवा, लाट उठू देऊ नका. मादीला दुसऱ्या टाकीत आठ-दहा दिवस विश्रांती आणि चांगलं खाणं द्या.

बापाची पाळी

28 अंशांवर अंडी साधारण दीड दिवसात फुटतात, काही वेळा चोवीस तासांच्या आतही. पिल्लं घरट्याला खाली शेपटी सोडून लटकलेली दिसतात. या काळात ती काही खात नाहीत. पोटाशी बलकाची पिशवी असते. नर पडलेलं पिल्लू उचलतो, वर नेऊन चिकटवतो, फुटलेले बुडबुडे भरतो. दिवे एकदम बंद-चालू करू नका. रात्री खोलीत मंद उजेड राहिला तर त्याला काम करता येतं. त्याला खायला द्यायचं ते अगदी चिमूटभर. नाही दिलं तरी तीन-चार दिवस त्याचं बिघडत नाही.

पांढरी, धूसर अंडी म्हणजे न फळलेली, त्यांच्यावर बुरशी येते. ती बरेचदा नरच काढून टाकतो. सगळीच पांढरी झाली तर नर कच्च्या वयाचा असेल किंवा मिठी नीट जुळली नसेल. नरानं अंडी खाल्ली तरी लगेच त्याच्या नावानं बोटं मोडू नका. पहिल्या-दुसऱ्या विणीत हे फार वेळा होतं, आणि टाकीजवळची वर्दळ हेही त्याचं एक कारण असतं. टाकीच्या तीन बाजूंना कागद लावून बघा.

फुटल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पिल्लं आडवी पोहायला लागतात आणि घरट्यातून पांगतात. नर त्यांना गोळा करायची धडपड करतो, पण आता ती ऐकत नाहीत. त्या दिवशी नराला काढा. एक दिवसाचा उशीरही नको. राखणदार खादाड व्हायला वेळ लागत नाही.

पंधरवडा

पिल्लं आडवी झाली त्याच दिवसापासून बरण्या उपयोगात येतात. ड्रॉपरनं इन्फ्यूसोरियाचं पाणी दिवसातून चार-पाच वेळा घाला, जिथे पिल्लांचे पुंजके आहेत तिथे. तळचा गाळ उचलू नका. पोट भरलंय की नाही हे भिंगातून दिसतं: भरलेलं पोट गोल आणि पांढुरकं, उपाशी पिल्लू म्हणजे मोठे डोळे आणि मागे रेघ.

सात-आठ दिवसांनी मायक्रोवर्म (धाग्यासारखे अगदी बारीक जिवंत कृमी) द्यायला लागा आणि सोबत आर्टेमियाची चाचणी घ्या. आर्टेमिया उबवायला लिटरभर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम साधं मीठ, 27 अंश तापमान, जोरदार हवा आणि उजेड लागतो; साधारण 24 तासांत पिल्लं निघतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबलं की रिकामी टरफलं वर येतात, जिवंत पिल्लं खाली उजेडाकडे जमतात. तीच नळीनं ओढून, बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्यानं धुऊन घाला. टरफलं टाकीत जाऊ देऊ नका.

अर्ध्या तासानं बघा. ज्यांची पोटं नारिंगी दिसतात त्यांना आर्टेमिया गिळता येतोय. सगळ्यांची होत नाहीत तोवर इन्फ्यूसोरिया थांबवायचा नाही. इथेच दुसरी मोठी गळती होते: मोठी पिल्लं झपाट्यानं वाढतात, लहान मागे पडतात, आणि पुढे मोठी लहानांना खातात. दोन-तीन आठवड्यांनी आकारानं वेगळी करा.

एवढं खाणं पडलं की पाणी बिघडणारच. एअरपंपच्या बारीक नळीनं सायफन करून तळ रोज साफ करा, आणि काढलेलं पाणी बादलीत ओतण्याआधी पांढऱ्या भांड्यात बघा. चार-दोन पिल्लं त्यात आलेलीच असतात. त्याच तापमानाचं पाणी थेंबाथेंबानं परत घाला. पहिले दहा दिवस पाच-दहा टक्क्यांच्या वर बदलू नका. पुढे पाण्याची पातळी हळूहळू वाढवत न्या.

पृष्ठभागावरचा घोट

गुरामीला कल्ल्यांच्या वर एक घडीघडीचा अवयव असतो, लॅबिरिंथ. त्याच्या जोरावर तो हवेतला ऑक्सिजन घेतो. पिल्लांना तो जन्मतः नसतो. तीन ते सहा आठवड्यांच्या दरम्यान तयार होतो. तोवर ती पाण्यातल्या ऑक्सिजनवर जगतात, म्हणून स्पंज फिल्टर मंद का होईना चालू हवा. पुढे त्यांनी घेतलेले पहिले घोट थंड, कोरड्या हवेचे असले तर बरीचशी एकाएकी मरतात. दीड महिना झाकण शक्य तितकं बंद ठेवायचं ते यासाठी. पाण्यावर तेलकट साय धरली असेल तर कागद टेकवून ती उचला, नाहीतर बारीक पिल्लांना वर तोंड काढताच येत नाही.

सहा-सात आठवड्यांत पिल्लं सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरची झाली, भुकटी केलेलं कोरडं खाणं घेऊ लागली, की धोका सरला असं धरा. मग साप्ताहिक पंचवीस टक्के पाणी बदल आणि मोठी टाकी. तीन-चार महिन्यांत ब्लूच्या नरांचे पाठीवरचे पर लांबायला लागतात आणि कोपऱ्याकोपऱ्यात भांडणं सुरू होतात. एखादा साल्व्हिनियाच्या पानाखाली चार बुडबुडे सोडतानाही दिसेल. त्या आठवड्यातच नर वेगळे करा.